शाईच्या हातांचं लोणी

लोणी येईना. सकाळपासून यॉलिन घुसळणीच्या पिंपापुढे उभी होती आणि लाकडी दांडा वर-खाली, वर-खाली करून तिच्या खांद्यांचा नुसता भुगा झाला होता. मधूनच ती झाकण उचलून आत डोकावे. आत पांढरीशुभ्र साय, जशी ओतली तशी. हलायचं नावच घेत नव्हती. एकसुद्धा हंस वर आला नव्हता.

हंस म्हणजे लोण्याचे पहिले गोळे. साय फुटली की ते वर येतात आणि ताकावर तरंगत राहतात, म्हणून त्या डोंगरातल्या सगळ्या बाया त्यांना हंस म्हणायच्या. यॉलिनची आई म्हणायची, आजी म्हणायची, आणि त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. हंस आले की हात हळू करायचा, एवढंच ध्यानात ठेवायचं असतं.

म्यूरवाल्लेनच्या उन्हाळी कुरणावर स्वतःच्या जबाबदारीवर गुरं घेऊन यायची तिची ही पहिलीच खेप. खाली खोऱ्यातल्या घरी ती स्वयंपाकघरातल्या बाकावर दुसऱ्या एका मोलकरणीशेजारी झोपायची आणि ती मोलकरीण झोपेत लाथा मारायची. इथे वर तिची स्वतःची झोपडी होती. दाराला आतून कडी होती. तिच्या हाकेला ओळखणाऱ्या गाई होत्या, आणि सकाळी उठून आज काय करायचं ते तिचं तिने ठरवायचं. हे सुख तिने जन्मात अनुभवलं नव्हतं. ते सोडून खाली जायचा नुसता विचार आला तरी ती उठून दाराची कडी चाचपून बघे.

आणि जायची वेळ तर अगदी दारात येऊन ठेपली होती. पहिलं लोणी उन्हाच्या काहिलीत इतकं मऊ झालं, की ते न्यायला आलेल्या मालकीणबाईंनी त्यात बोट घालून विचारलं, "हे खायचं आहे की गुडघ्याला चोळायचं?" दुसऱ्या खेपेला लोणी आलंच नाही, सगळी साय वासरांच्या पोटात गेली. तेव्हा राग्नहिल्ड मालकीणबाई चिडल्या नाहीत, आणि तेच वाईट होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आणखी एकदा बघू. नाहीच जमलं तर माझी भाची सिग्रिड वर येईल आणि तू खाली ये, गवत कापायला." जाताना त्यांनी फळीवर मूठभर मीठ ठेवलं. एका लोण्यात मळण्यापुरतं. तेही, आलं तर.

उद्या त्या परत यायच्या होत्या.

लोणी पुन्हा मऊ होऊ नये म्हणून यॉलिनने या वेळी डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली होती. साय रात्रभर झऱ्याच्या पाण्यात बुडवून ठेवली होती. त्या झऱ्याचं पाणी असं, की हात घातला तर बोटं आपली आहेत की शेजाऱ्याची ते कळू नये. तिथून उचललेली साय थेट पिंपात ओतली होती, आणि आता ही फजिती.

अशा वेळी दारात तो उभा राहिला. ताडमाड उंच, पाठीला पिशवी, आणि डासांसाठी डांबराचं तेल तोंडाला इतकं फासलेलं, की धुराड्यातून उतरलाय की काय असं वाटावं.

"नमस्कार. आत येऊ का?"

"आलातच की," यॉलिन म्हणाली. दांडा तिने सोडला नाही.

त्याचं नाव सिक्स्टेन. दूरच्या उप्साला शहरातल्या विद्यापीठात शिकत होता आणि उन्हाळाभर गावोगाव हिंडून बोलीतले शब्द गोळा करत होता.

"गोळा करून काय करता?"

"लिहून ठेवतो."

"आणि मग?"

'आणि मग'ला बगल देऊन तो चुली​शेजारच्या तिपाईवर बसला. यॉलिन वैतागलेली होती, पण दारी आलेल्याला उपाशी पाठवायची रीत नाही. पातळ भाकरीचा एक तुकडा, त्यावर ते जुनं मऊ लोणी, असं तिने त्याच्या हातात दिलं. तो खाण्याऐवजी त्याच्याकडे बघत बसला.

"आपण याला काय म्हणता?"

"याला? स्मॉरगोस. सगळं जग म्हणतं."

"तेच ना. स्मॉर म्हणजे लोणी, गोस म्हणजे हंस. लोणी-हंस." तो जरा पुढे सरकला. "यात लोणी आहे, मान्य. भाकरीही आहे, पण तिचा त्या शब्दात पत्ताच नाही. आणि जो हंस शब्दात आहे, तो भाकरीवर कुठे आहे? मी महिनाभर दारोदार हेच विचारत फिरतोय. चर्चची घंटा वाजवणारे म्हणाले, गरिबांना हंसाचं मांस परवडत नाही, म्हणून ते लोण्यालाच हंस समजून खातात. लोहार म्हणाला, डोकं ठिकाणावर आहे का? एका आजीबाईंना मी एक शिवी परत उच्चारायला सांगितली, तर त्या झाडू घेऊनच मागे लागल्या."

"चांगलं केलं त्यांनी."

"आपल्याला काय वाटतं?"

यॉलिनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मला काय वाटतं? मास्तर, माझ्या पिंपात लोणी नाही, उद्या माझं या घरातलं अंथरूण उचललं जाणार आहे, आणि तुम्ही भाकरीत हंस शोधत बसलाय?"

तो बिचारा गडबडून उठला. माणूस वाईट नव्हता. "आपण दमलात," तो म्हणाला. "मी मारू का चार हात?" आणि त्याने दांड्याकडे हात नेला. त्या हाताला मनगटापर्यंत शाई होती. यॉलिनने फटकन त्यावर चापट मारली.

"निळं लोणी करायचंय का मला? हंस हवेत ना तुम्हाला? दलदलीच्या पलीकडे तळ्यावर आहेत. जा, त्यांनाच विचारा."

"आभारी आहे," तो म्हणाला, आणि भाकरी तोंडात कोंबून, पिशवी उचलून खरंच तळ्याच्या दिशेने चालू लागला. शिकलेल्या माणसांचं हे असं असतं, सांगितलेलं खरं मानतात.

तो झाडांआड गेला न गेला तोच शेजारच्या झोपडीतून मॅरेटमावशी आली. मावशीचे केस याच कुरणावर पिकले होते. तिला गुरांचं कळायचं, हवेचं कळायचं, आणि दुसऱ्याच्या दारात कोण आलं हे तर दिसण्याआधी कळायचं.

"कोण गं तो सुतळीसारखा?"

"उप्सालाचा मास्तर. शब्द गोळा करतो."

"आगगाडी आल्यापासून काय काय चढायला लागलंय या डोंगरावर." मावशीने पिंपाकडे पाहिलं, मग यॉलिनकडे. "त्याने हात लावला ना जाण्यापूर्वी?"

यॉलिनचं घुसळणं थांबलं. दांडा तिच्या हातात तसाच राहिला.

त्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट. घुसळण चालू असताना दारात जो येईल, मग तो पाद्री असो की भिकारी, त्याने दांड्याला हात लावल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही. नाहीतर लोणी उठून त्याच्या मागोमाग निघून जातं.

"मावशी, त्याने हात पुढे केला होता," यॉलिन म्हणाली. "मीच चापट मारली."

मावशी तिपाईवर मटकन बसली. "स्वतःच्या हाताने हाकललंस? अगं पोरी, चाललं तुझं लोणी त्याच्या पिशवीत बसून तळ्याकडे. आता दिवसभर घुसळलंस तरी ताकसुद्धा व्हायचं नाही."

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस? पळ. धरून आण त्याला. आणि हे पिंप आधी उंबऱ्यावर ठेव, त्याच्या वाटेकडे तोंड करून. परत येणाऱ्याला घर दिसलं पाहिजे."

दोघींनी मिळून पिंप ओढत उंबऱ्यावर आणलं. ऊन तिथे चांगलं तापलेलं होतं. मावशी त्याच्याशेजारी राखणीला बसली आणि यॉलिन स्कर्ट वर खोचून धूम पळत सुटली. जाताना सवयीने कोपऱ्यातली गुरं वळायची काठी उचलली, आणि तिथेच घोटाळा झाला.

दलदलीवरून जायला नुसत्या फळ्या टाकलेल्या. सिक्स्टेन मध्यावर पोहोचला होता. त्याने मागे वळून पाहिलं, तर मघाशी चापट मारणारी बाई आता काठी घेऊन धावत येतेय.

"मास्तर, थांबा. माझं लोणी नेताय तुम्ही."

"एकच तुकडा खाल्ला हो," तो ओरडला आणि सुटलाच.

झाडूचा अनुभव ताजा होता, त्याला तरी काय बोलणार. त्याचे पाय लांब, यॉलिनच्या पायात लाकडी खडावा. अंतर वाढत चाललं. ती थांबली. छातीत श्वास मावत नव्हता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. गेलं, तिला वाटलं. माझं दार, माझी कडी, सगळं त्या पिशवीत बसून गेलं.

मग तिने तोंडाभोवती हात धरले आणि तिला जे सगळ्यांत चांगलं येत होतं ते केलं. तिने गुरांना हाक घातली. ती हाक उंच, पातळ, तिला शब्द नसतात. तळ्यावरून जाऊन पलीकडच्या डोंगराला लागून परत येते. संध्याकाळी ही हाक ऐकली की गुरं असतील तिथून घराकडे निघतात. भर दुपारी ती कुणी घालत नाही. घातलीच तर अस्वल आलं म्हणून.

जंगलात गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजायला लागल्या. आधी शॅर्ना आली, सगळ्यांत पुढे चालायचा मान असलेली कपाळावर चांदणीची गाय. तिच्यामागे बाकीच्या, त्यांच्यामागे मावशीच्या गाई आणि शेळ्यांचा एक लोंढा, ज्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. त्यांची वाट तीच, त्या फळ्यांवरची. पुढून गाई, मागून यॉलिन. सिक्स्टेनने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि सभ्य माणसासारखा गाईंना वाट द्यायला बाजूला झाला. बाजूला फक्त दलदल होती. तो कमरेपर्यंत आत गेला.

यॉलिन फळीच्या कडेला उकिडवी बसली. शेजारून शेळ्या चालल्या होत्या.

"मास्तर, घुसळायला चला."

"काय?"

"दांड्याला हात लावायचा. मग कुठे जायचं तिथे जा."

"पण मघाशी तर आपण मला मारलंत."

"मघाची गोष्ट वेगळी होती."

त्याने थोडा विचार केला. तेवढ्यात तो आणखी जरा खाली गेला. "आधी बाहेर काढाल का?"

"येणार असाल तर."

"येतो," तो म्हणाला, आणि तिने काठी पुढे केली.

त्याची विजार कुंपणावर वाळत पडली आणि मावशीने त्याला आपला जुना पट्ट्यापट्ट्यांचा स्कर्ट दिला. तो त्याच्या गुडघ्यांच्या जेमतेम खाली पोहोचत होता. हात त्याने राखेने घासले, वाळूने घासले. शाई जाईना.

"राहू दे," मावशी म्हणाली. "ज्या हातांमागे लोणी गेलं ते हात त्याला ओळखू आले पाहिजेत."

पिंप आत घेतलं. सिक्स्टेनने दांडा धरला आणि घुसळायला लागला, वेडावाकडा, पण जीव लावून. बाहेर सगळ्या गाई झोपडीभोवती गोळा होऊन, आम्हाला भर दुपारी कशाला बोलावलं म्हणून हंबरत होत्या. अन् त्या गलक्यातून धावत, हातात गवत उचलायचा लांब दात्यांचा काटा घेऊन, दारात येऊन उभ्या राहिल्या त्या राग्नहिल्ड मालकीणबाई. उद्या येणार होत्या, पण सांगितलेल्या दिवसाच्या आधी जावं, म्हणजे खरं काय ते दिसतं, असा त्यांचा खाक्या. चढणीवर असताना हाक ऐकली आणि घोडा ओढत त्या उरलेली वाट पळत आल्या होत्या.

"अस्वल कुठाय?"

मालकीणबाईंची नजर झोपडीत फिरली आणि स्कर्ट घातलेल्या, तोंड काळं असलेल्या, घाम गाळत घुसळणाऱ्या त्या ताडमाड पुरुषावर थांबली.

"नमस्कार," सिक्स्टेन म्हणाला.

मालकीणबाईंच्या खांद्याआडून यॉलिनला अंगणातला घोडा दिसत होता आणि त्याच्या पाठीवर बांधलेलं गाठोडंही. त्या गाठोड्यातून सिग्रिडच्या निळ्या एप्रनची दोरी लोंबत होती. म्हणजे बघायचं वगैरे काही राहिलंच नव्हतं. ठरवूनच आल्या होत्या.

तेवढ्यात पिंपाचा आवाज बदलला. इतका वेळ नुसतं चळचळ चाललं होतं, ते एकदम जड झालं. डबक, डबक. झोपडीतल्या तिन्ही बाया एका क्षणी सावध झाल्या. फक्त सिक्स्टेनला वाटलं आपलंच काही चुकलं, आणि तो थबकला.

"थांबू नका," तिघी एकदम म्हणाल्या.

यॉलिनने झाकण उचललं. खाली पातळ ताक, आणि वर एकामागून एक येणारे पिवळसर पांढरे गोळे, थोडे डुलत, थोडे एकमेकांना ढकलत. "हंस आले," ती हळूच म्हणाली. "आता हळू."

सिक्स्टेनने तिच्याकडे पाहिलं. "काय म्हणालात?"

"हंस. हे काय, गोळे. आता हळू घुसळा, नाहीतर फुटतील."

त्याचा हात पुन्हा थांबला. मालकीणबाईंनी काट्याच्या दांड्याने जमिनीवर ठोकलं. "हळू म्हणाली ती. थांबा नाही म्हणाली."

तो हळू घुसळायला लागला, पण मान पिंपात घालून. काळ्या तोंडावरून पाण्याची एक रेघ खाली आली. ती घामाची नव्हती. "आणि हे... हे भाकरीवर घेतात?"

"मग काय डोक्यावर घेतात?" मावशी म्हणाली. "हल्ली सुरीने फासतात, काटकसर करून. माझी आजी अख्खा गोळा उचलायची आणि थाप्पकन ठेवायची भाकरीवर."

"लोण्याचा हंस," सिक्स्टेन म्हणाला. "हंस तळ्यातला नव्हताच. ताकातला होता. आधी गोळ्याला नाव पडलं, मग तो गोळा ज्या भाकरीवर बसला तिलाही तेच म्हणायला लागले. भाकरी बिचारी खाली राहिली. तिचं नाव कोण घेतो?"

यॉलिन त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. जन्मभर तिने हंस घुसळून काढले होते आणि जन्मभर लोणी-हंस खाल्ले होते, आणि हे दोन्ही एकच, हे तिला कधी दिसलं नव्हतं. तिला आधी लाज वाटली आणि मग इतकं हसू आलं, की तिला दाराची चौकट धरावी लागली. मावशीही हसायला लागली.

मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक गोळा काढून चाखला, बोटांनी दाबून पाहिला. मग पिंपाच्या एका बाजूला तळहात लावला.

"हे उन्हात कुणी ठेवलं होतं?"

"मी ठेवायला लावलं," मावशी म्हणाली. "लोण्याला परतीची वाट दिसावी म्हणून."

"आणि साय कुठे होती?"

"झऱ्यात," यॉलिन म्हणाली. "रात्रभर. मऊ पडू नये म्हणून."

"त्या झऱ्यात? अगं, तसली गार साय घेऊन नाताळपर्यंत घुसळत बसली असतीस. उन्हाने ऊब दिली म्हणून आलं लोणी. पुढच्या वेळी आधी घटकाभर उन्हात ठेव. दर वेळी असला गडी कुठून आणणार?"

"ऊन काय रोजच असतं," मावशी फणकाऱ्याने म्हणाली. "लोणी आजच आलं."

त्यावर मालकीणबाईंनी कॉफी मागितली. ती बशीत ओतून, खडीसाखरेचा खडा दातांत धरून सावकाश प्यायल्या. तोवर यॉलिनने लोणी धुतलं, पिळलं, मूठभर मीठ होतं ते सगळं त्यात मळलं. 'पुढच्या वेळी' असं त्या म्हणाल्या होत्या. पण ते कुणाला, आपल्याला की सिग्रिडला? विचारायची तिची छाती होईना.

सिक्स्टेनने ओली विजार चढवली आणि निघताना लेखणी काढली. "शब्द कुणी सांगितला म्हणून लिहू?"

"शॅर्नाचं लिहा," यॉलिन म्हणाली. "तिने अडवलं नसतं तर तुम्ही आत्ता हंसांशी बोलत असता."

त्याने ते खरंच लिहून घेतलं.

तो गेल्यावर मालकीणबाई उठून घोड्याकडे गेल्या. यॉलिन उंबऱ्यावर उभी राहिली. आता गाठोडं सोडतील. आता म्हणतील, तुझं सामान बांध. मालकीणबाईंनी गाठोडं हाताने एका बाजूला सारलं, त्याच्याखालची एक पिशवी ओढून काढली आणि आणून तिच्या हातात दिली. पिशवी जड होती. आत मीठ होतं, काठोकाठ.

"गुरं खाली यायची वेळ होईपर्यंत पुरवून वापर," त्या म्हणाल्या.

"आणि ते गाठोडं, मालकीणबाई?"

"ते येतं माझ्याबरोबर खाली. घोड्याला ओझ्याची सवय आहे."

यॉलिनने ती पिशवी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरली आणि तशीच उभी राहिली. मालकीणबाईंनी लोण्याचं भांडं घोड्यावर बांधलं, लगाम हातात घेतला. मॅरेटमावशी आपल्या दारातून बघत होती. ती मुद्दामच खोकली.

मालकीणबाई पाऊल उचलून थांबल्या. त्यांनी मावशीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, आणि वाटेवर कुणी नाही ना तेही पाहून घेतलं. मग लगाम यॉलिनच्या हातात देऊन त्या परत झोपडीत शिरल्या. पिंपात आता नुसतं ताक उरलं होतं. तरी त्यांनी दांडा धरला आणि दोन हात मारले. जरा थांबून, आणखी एक मारला.